धर्मगुरूंचे घर : वर्गणी कोणाची, हिशेब कोणाला?

शाळेची खोली, मंदिराचा सभामंडप, गावची तालीम अथवा गणेशोत्सवाचा मांडव यांसाठी पावतीपुस्तक घेऊन कार्यकर्ते दारात उभे राहिले, की मराठी माणूस थोडा कुरकुरतो; पण अखेर खिशात हात घालतो. त्या वास्तूत उद्या त्याचाही पाय पडणार असतो. मात्र वर्गणी जेव्हा एखाद्या धर्मगुरूच्या राहत्या घरासाठी मागितली जाते, तेव्हा मनात निराळीच शंका डोकावते. स्वतःचे घर बांधताना ज्याची दमछाक झाली, किंवा ज्याला ते अद्याप बांधताच आलेले नाही, त्याने दुसऱ्याच्या घरासाठी पैसे का द्यावेत? नाशिकसारख्या, दीड शतकाहून अधिक काळची ख्रिस्ती वस्ती असलेल्या शहरात हा प्रश्न केवळ चर्चच्या आवारापुरता राहत नाही. सार्वजनिक पैसा, सार्वजनिक मालकी आणि सार्वजनिक हिशेब यांचे परस्परांशी नाते काय, हा त्यातला मूळ मुद्दा आहे. आणि तो कोणत्याही धर्माच्या, किंबहुना कोणत्याही संस्थेच्या वर्गणीदाराला लागू पडतो.

प्रथम एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. धर्मगुरूचे घर हे रूढ अर्थाने खाजगी घर नव्हे. कॅथलिक पंथात धर्मग्रामाचा प्रमुख धर्मगुरू अविवाहित असतो आणि काही वर्षांनी त्याची बदली होते. जाताना तो आपले कपडे आणि पुस्तके तेवढी घेऊन जातो. घर धर्मग्रामाचेच राहते. बाप्तिस्म्याच्या आणि विवाहांच्या नोंदवह्या तेथेच असतात. दाखला हवा असलेला विद्यार्थी, घरात भांडण झालेली सून, अपरात्री कोणी अत्यवस्थ झाल्याचा निरोप घेऊन आलेला शेजारी, ही सारी मंडळी त्याच दाराची कडी वाजवतात. १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेने प्रमुख धर्मगुरूने चर्चजवळच्या धर्मगुरुनिवासात राहावे असा दंडक घातला आहे, तो याच कारणाने. प्रॉटेस्टंट मंडळ्यांतील पाळक सहकुटुंब राहतो, एवढाच काय तो फरक. पाळकाच्या घराचीही ओसरी सार्वजनिकच असते. तेव्हा असे घर असावे की नसावे, हा वादाचा विषय होऊ शकत नाही. ते कोणाच्या पैशाने उभे राहावे, हा खरा विषय आहे.

शरणपूरचा धडा

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी नाशिककरांना दूर जावे लागत नाही. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधील संस्थेने १८३२ च्या सुमारास नाशकात काम सुरू केले आणि १८५४ मध्ये शहराबाहेर शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसविली. विल्यम सॉल्टर प्राइस हे तिचे प्रमुख शिल्पकार. अनाथ मुले, धर्मांतरामुळे घरादाराला पारखी झालेली माणसे आणि अरबांच्या गुलामवाहू जहाजांतून सोडविलेली आफ्रिकन मुले यांना तेथे आसरा मिळाला. म्हणूनच गावाचे नाव शरणपूर. सुतारकाम, लोहारकाम यांचे शिक्षण तेथे दिले जाई. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी १८६५ मध्ये आपल्या अखेरच्या आफ्रिकन मोहिमेसाठी येथूनच नऊ तरुण निवडले. पुढे १८७५ मध्ये प्राइस यांनी मोंबासाजवळ फ्रीअरटाऊन वसविले, तेव्हा शरणपूरचे कितीतरी आफ्रिकन रहिवासी तिकडे परतले. गोदाकाठच्या एका लहानशा वसाहतीचा धागा असा थेट आफ्रिकेच्या इतिहासात गुंफला गेला आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र लक्षणीय गोष्ट निराळी आहे. शरणपूरचे चर्च, शाळा, कार्यशाळा, पाद्रीसाहेबांचा बंगला, हे सारे परदेशातून आलेल्या पैशावर उभे होते. तो पैसा कोणा एका लक्षाधीशाचा नव्हता. इंग्लंडमधील शेकडो धर्मग्रामांत गोळा होणाऱ्या लहानमोठ्या वर्गण्यांवर ती संस्था चाले. आणि या वर्गण्यांच्या याद्या आपल्या वार्षिक अहवालात ती छापीत असे. म्हणजे थेंबे थेंबे तळे साचविण्याची रीत येथेही पाळली गेली होती; फक्त थेंब तिकडचे होते आणि तळे इकडचे. इंग्लंडमधल्या आळीतील दुकानदाराला आपल्या पेनीचे काय झाले ते वाचायला मिळे. शरणपूरच्या सुताराने त्या पेनीबद्दल कोणाला काही विचारावे, असे त्या व्यवहारात काहीच नव्हते, कारण पेनी त्याची नव्हती. हिशेब नेहमी पैशाच्या उगमाकडे वाहतो, हा नियम येथे लख्खपणे दिसतो. ज्याने दिले त्याला सांगावे लागते. ज्याला मिळाले त्याने आभार मानले की पुरे.

या व्यवस्थेतील धोका खुद्द मिशनऱ्यांना कळला नव्हता असे नाही. त्याच सोसायटीचे चिटणीस हेन्री व्हेन यांनी एतद्देशीय मंडळीने आपला खर्च आपण चालवावा, आपला कारभार आपण करावा आणि आपला विस्तारही आपणच करावा, असे त्रिविध स्वावलंबनाचे सूत्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच मांडले होते. महाराष्ट्रात या प्रश्नाची बोच नारायण वामन टिळकांइतकी क्वचितच कोणाला जाणवली असेल. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये अनेक वर्षे काम केले आणि १९१७ मध्ये ती पगारी चाकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्त आपला मानायचा असेल, तर त्याच्या सेवेचा भारही आपल्याच खांद्यावर हवा, हा त्या कृतीचा अर्थ होता.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनांचा हात हळूहळू आखडत गेला. ‘मिशन देईल’ ही सवय मात्र अनेक ठिकाणी मागे उरली. आता तिला कायद्यानेही मर्यादा घातली आहे. परदेशी देणग्यांविषयीच्या २०१० च्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अशी देणगी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील ठरलेल्या शाखेतील खात्यातच स्वीकारावी लागते आणि एका संस्थेला मिळालेली रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळविता येत नाही. या निर्बंधांच्या युक्तायुक्ततेविषयी मतभेद होऊ शकतात. पण एखाद्या धर्मग्रामाने घर बांधायला काढले, तर त्याने आपल्याच अंगणाकडे पाहावे, हा त्यांचा व्यावहारिक परिणाम टळत नाही.

एकाची देणगी की अनेकांची वर्गणी?

आपल्या अंगणाकडे पाहायचे म्हटले, की पहिला मोह होतो तो एखादा मोठा देणगीदार गाठण्याचा. काम लवकर होते, दारोदार फिरणे वाचते आणि दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाटी लावली, की देणगीदारही संतुष्ट होतो. परंतु ज्या घराचा पाया एकाच माणसाच्या पैशाने भरला, त्या घरातून निघून व्यासपीठावर उभा राहणारा धर्मगुरू त्या माणसाच्या कारखान्यातील मजुरीबद्दल मोकळेपणाने किती बोलू शकेल? देणगीदार काही मागेलच असे नाही. तो सज्जनही असेल. पण न मागितलेले ऋणदेखील जिभेवर बसते. शंभर दारांतून आलेल्या पैशाचे ऋण कोणा एकाचे राहत नाही, म्हणून ते धर्मगुरूला बांधून टाकीत नाही.

अनेकांची वर्गणी गोळा करणे अवघड असते, हेही तितकेच खरे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ऑल्सन यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले, की समूह जसजसा मोठा होतो, तसतसे प्रत्येकाला आपल्यावाचून काही अडणार नाही असे वाटू लागते. आणि ज्याने काही दिले नाही त्यालाही लाभ सारखाच मिळत असल्याने देणाऱ्यांची संख्या रोडावते. लहान गटात मात्र प्रत्येकाचा वाटा इतरांच्या नजरेस पडतो. तेव्हा धर्मग्रामाचे वीस-पंचवीस कुटुंबांचे गट पाडून प्रत्येक गटाकडे आपापल्या संकलनाची जबाबदारी सोपविणे, हा केवळ सोयीचा नव्हे तर शास्त्रशुद्ध मार्ग ठरतो.

आकडे मांडले म्हणजे गोष्ट स्पष्ट होते. समजा, धर्मग्रामात ३०० कुटुंबे आहेत आणि घराचा अंदाजी खर्च ३६ लाख रुपये आहे. सरसकट वाटणी केली तर प्रत्येक कुटुंबावर १२ हजारांचा बोजा पडतो. वीस महिन्यांत फेडायचा तर दरमहा ६०० रुपये. सातपूर-अंबडच्या एखाद्या कारखान्यात कंत्राटी काम करणारा मजूर आणि बँकेतील अधिकारी यांना हा एकच आकडा सांगणे म्हणजे समतेच्या नावाखाली विषमता लादणे होय. त्याऐवजी १०० कुटुंबांनी दरमहा २००, १२० कुटुंबांनी ५००, ६० कुटुंबांनी १,००० आणि २० कुटुंबांनी २,००० रुपये देण्याचे ठरविले, तर महिन्याला १ लाख ८० हजार रुपये जमतात आणि वीस महिन्यांत तेच ३६ लाख पुरे होतात. मात्र ठरविलेले सगळेच येईल असे कधी होत नाही. पाचातला एक हिस्सा गळाला, तर हाती २८ लाख ८० हजारच उरतात. शहाणी समिती घराचा आराखडा या दुसऱ्या आकड्यावर बेतील आणि वरचा मजला पुढच्या पिढीसाठी ठेवील. कर्ज काढून घाई करण्याचा मार्ग तसाही सोपा नाही. सार्वजनिक न्यासाच्या विश्वस्तांना कर्ज उभारण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

ज्यांना दरमहा दोनशेही जड वाटतात, त्यांना वगळावे काय? येथे परंपरा मदतीस येते. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत कापणीच्या सणाला धान्य, भाजीपाला, कोंबड्या आणून अर्पण करण्याची आणि त्यांचा लिलाव करण्याची प्रथा आहे. मिझोरममधील ख्रिस्ती स्त्रिया स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात; १९१० मध्ये सुरू झालेल्या या रिवाजाने तेथील चर्चला स्वतःच्या पायावर उभे राहण्यास मोठा हातभार लावला आहे. महाराष्ट्राला तरी ही कल्पना कोठे परकी आहे? अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना उभा राहिला, तो माणशी एका पैशाच्या बळावर. दानपेटीत दोन टोल्या टाकणारी शुभवर्तमानातील विधवा आणि कृष्णाला कण्या वाढणारा विदुर यांच्यात अंतर आहे ते केवळ ग्रंथांचे.

हिशेबाची पाटी

तरीही वर्गणीची खरी परीक्षा पैसे जमविताना होत नाही. ती जमल्यानंतर होते. एकाच धर्माच्या समाजासाठी असलेल्या न्यासाला दिलेल्या देणगीवर आयकरात वजावटही सामान्यतः मिळत नाही. वर्गणीदाराच्या पदरात पडणारा परतावा एकच, आणि तो म्हणजे हिशेब. तो देण्याचे बंधन कायद्यानेही आहे आणि धर्मानेही. महाराष्ट्राच्या १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याने न्यासाला हिशेब ठेवणे व तपासून घेणे भाग आहे. कॅथलिक धर्मसंहितेप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती असलीच पाहिजे, विशिष्ट कारणासाठी दिलेले दान त्याच कारणासाठी वापरले पाहिजे आणि श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना सादर केला पाहिजे. नियम आहेत, उणीव असते ती ते पाळले जात आहेत की नाहीत हे विचारणाऱ्यांची. सिमेंट किती गोण्या आले, गवंड्याची मजुरी किती झाली, शिल्लक किती, हे दरमहा चर्चच्या फलकावर मराठीत लिहिले गेले, तर कुजबुजीला जागाच उरणार नाही. त्या फलकावर गटवार रकमा असाव्यात. घरवार नावे नसावीत. हिशेब मागण्याचा हक्क सर्वांना हवा, पण गरिबाची गरिबी चव्हाट्यावर मांडण्याचा हक्क कोणालाच नाही.

आणखी दोन खर्च अंदाजपत्रकात बहुधा विसरले जातात. घर बांधणे हा एकदाचा खर्च. पाणीपट्टी, घरपट्टी, रंगरंगोटी, गळके छप्पर हा कायमचा. थोडी रक्कम त्यासाठी प्रथमच बाजूला काढली नाही, तर नवे घर दहा वर्षांत पुन्हा पावतीपुस्तक काढायला लावते. दुसरा खर्च माणसाचा. आयुष्यभर मंडळीच्या घरात राहिलेला विवाहित पाळक निवृत्तीच्या दिवशी सहकुटुंब बेघर होऊ शकतो. विटांचा विचार करताना त्याच्या उतारवयाची तजवीजही करायला नको काय?

नाशिकच्या गोदाकाठी गाडगे महाराजांनी लोकवर्गणीतून उभारलेली धर्मशाळा आहे. अशा वास्तू उभारणाऱ्या त्या महापुरुषाने स्वतःच्या नावावर घर ठेवले नाही. आणि बहुधा म्हणूनच त्यांच्यापुढे झोळी रिकामी करताना लोकांनी पावती मागितली नाही. पण अशी माणसे शतकातून एखादी जन्मतात. बाकीच्या सर्वांसाठी, मग ते धर्मगुरू असोत, विश्वस्त असोत वा उत्सवमंडळाचे खजिनदार असोत, समाजाने फलकावरच्या हिशेबाची सोय करून ठेवली आहे. शरणपूरच्या सुताराला जो प्रश्न विचारण्याचे कारणच नव्हते, तो त्याच्या पणतवंडांना दर महिन्याला विचारता येईल, अशा रीतीने धर्मगुरूंचे घर बांधले जावे. दोनशे रुपयांची पावती जपून ठेवणारा मजूर त्या घराच्या पायरीवर चढेल, तेव्हा तो याचक म्हणून नव्हे, वाटेकरी म्हणून चढेल.