विश्लेषण : ‘शून्य साखर’ पेयांनी वजन खरेच घटते का?

सोलापुरात पारा चाळिशीपार गेला की थंड पेयांच्या बाटल्या हातोहात खपतात. त्यात ‘डाएट’ आणि ‘झिरो’ पेयेही आली. उसाच्या या जिल्ह्यात वजन कमी करू पाहणाऱ्यांना बिनसाखरेची बाटली सोयीची वाटते. पण तिचा उपयोग किती?

साखर नाही, मग गोडवा कसा?

अ‍ॅस्पार्टेम साखरेपेक्षा सुमारे २०० पट, तर सुक्रालोज सुमारे ६०० पट गोड असते. त्यामुळे अगदी अल्प मात्रा पुरते. नेहमीच्या ३०० मिलिलिटर कोलात सहा-सात चमचे साखर आणि साधारण १३० कॅलरी असतात. ‘डाएट’ बाटलीत त्या जवळपास शून्य.

मग वजन घटायलाच हवे ना?

जागतिक आरोग्य संघटनेने २८३ अभ्यासांचा आढावा घेऊन १५ मे २०२३ रोजी मार्गदर्शक सूचना दिली : वजन नियंत्रणासाठी अशा गोडव्यांचा वापर करू नये. अल्प मुदतीच्या प्रयोगांत सरासरी पाऊण किलोच्या आसपास वजन घटले; दीर्घकाळ फायदा टिकल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. उलट, दीर्घकालीन निरीक्षणांत ही पेये घेणाऱ्यांत लठ्ठपणा अधिक आढळला. अर्थात, आधीच वजन वाढलेले लोकच अशा पेयांकडे अधिक वळतात, हेही त्याचे कारण असू शकते. म्हणून संघटनेने ही शिफारस ‘सशर्त’ ठेवली.

कर्करोगाची भीती किती?

जुलै २०२३ मध्ये कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात टाकले. पुरावा मर्यादित असल्याचेही सांगितले. त्याच वेळी तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा कायम ठेवली : शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम. ७० किलोच्या व्यक्तीला ती ओलांडण्यासाठी दिवसाला ९ ते १४ कॅन प्यावे लागतील.

मधुमेहींनी काय करावे?

जागतिक आरोग्य संघटनेची ही शिफारस आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू नाही. चेन्नईतील संशोधकांनी टाइप-२ मधुमेह असलेल्या १७९ जणांवर १२ आठवडे प्रयोग केला. चहा-कॉफीतील साखरेऐवजी सुक्रालोज घेणाऱ्यांचे वजन व कंबरेचा घेर किंचित घटला. तीन महिन्यांची सरासरी साखर मात्र फारशी बदलली नाही. निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.

सोलापूरकरांसाठी अर्थ काय?

खरा प्रश्न एकच : ही बाटली कशाऐवजी? रोजच्या गोड कोलाऐवजी घेतली तर कॅलरी वाचतात. पाणी किंवा ताकाऐवजी घेतली तर वजनासाठी हाती काही लागत नाही. आणि ‘पेय डाएटचे आहे’ म्हणून सोबत एक वडा जास्त खाल्ला, तर वाचवलेले सगळे तिथेच संपते. शिवाय अनेकांच्या दिवसातली मोठी साखर बाटलीत नसून चहाच्या कपात असते. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे ४० ग्रॅम, सुमारे १६० कॅलरी. त्या कपांकडे न पाहता फक्त बाटली बदलून भागणार नाही.

बाटलीवर काय वाचावे?

गोडव्याचे नाव आणि ‘मुलांसाठी शिफारस नाही’ ही सूचना. अ‍ॅस्पार्टेम असेल तर फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी ते पेय टाळायचे असते. तहान भागवायला मात्र माठातले पाणीच पुरेसे. त्यात साखरही नाही आणि गोडवाही.