टॅम्प्लीज

आमच्या धाराशिवात संध्याकाळी फिरायला निघणाऱ्या पेन्शनरांची एक टोळी आहे. साखर, गुडघे आणि सुना एवढे तीन विषय आम्हाला जन्मभर पुरतात. परवा मात्र आमच्यातल्या एका निवृत्त हेडमास्तरांनी चौथा विषय काढला; तोही मागंपुढं बघून, आवाज खाली आणून.

"ऐकलं का हो? आजकालची नवराबायको म्हणे राजीखुशीनं एकमेकांचे हात बांधतात! चापट्या मारतात! आणि वर आधी बसून ठरवतात, काय चालेल अन् काय नाही. बैठक घेतात बैठक! सगळी पाश्चात्त्य थेरं!"

मला गंमत वाटली ती ही, की मास्तरांना चापटीपेक्षा बैठकीचाच धक्का जास्त बसला होता. शेजारच्या घरातून मध्यरात्री बाई रडल्याचा आवाज आला तर 'त्यांचं घरगुती आहे' म्हणून कूस बदलणारे आम्ही लोक. न विचारता मारलेली आम्हाला संसार वाटते आणि विचारून मारलेली विकृती! काय म्हणावं या हिशेबाला?

आता पाश्चात्त्य म्हणाल, तर आपल्या वात्स्यायनांना काय म्हणायचं? साधारण तिसऱ्या शतकातला हा मनुष्य. कामसूत्राच्या दुसऱ्या अधिकरणात त्यानं प्रणयातल्या प्रहारांवर एक अख्खा अध्याय खर्ची घातला आहे. तळहातानं, मुठीनं, हाताच्या पाठीनं, सगळं वर्गवारी लावून. पण त्याच अध्यायात त्यानं तीन अपघातही नोंदवले आहेत. चोल राजानं चित्रसेना नावाच्या गणिकेच्या छातीवर 'कीला' नावाचा प्रहार केला, ती मेली. नरदेवानं एका नटीच्या गालावर नेम धरला आणि तिचा डोळा घालवला. आणि तिसरा गृहस्थ आपल्या बाजूचा: कुंतल शातकर्णी सातवाहन. यानं 'कर्तरी'चा, म्हणजे डोक्यावर करायचा, प्रहार करून आपली महाराणी मलयवती मारली. कुंतल म्हणजे दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकाचा पट्टा. लांबची बात नव्हे. आमच्या तेरच्या लामतुरे संग्रहालयात याच सातवाहन काळातल्या वस्तू मांडल्या आहेत. तिथं गेलं की मला व्यापाराआधी त्या मलयवतीची आठवण येते. राजाला थांब म्हणायची सोय तिला होती का, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

वात्स्यायन या दाक्षिणात्य प्रहारांना सरळ अनार्य म्हणतो. शिवाय बजावतो, की भरधाव घोड्याला जसे खड्डे दिसत नाहीत तसं या वेळी माणसाचं होतं. तेव्हा समोरच्याची नाजुकी आणि आपली ताकद ओळखून वागा. मास्तरांना ज्या 'बैठकी'चा राग, ती बैठक म्हणजे खड्डे आधी उजेडात बघून घेणं, दुसरं काय?

त्यातही नवशिक्यानं काय पाळायचं ते इतकं साधं आहे, की पंचायतीच्या फळ्यावर लिहावं. दोघंही सज्ञान आणि दोघांचीही मनापासून हौस. एकाची हौस आणि दुसऱ्याची भीड असेल तर प्रकरण तिथंच मिटवावं. दारू प्यायलेली नको. गळ्याला हात, दोरी, काहीही लावायचं नाही. मेंदूचं रक्त अडलं तर काही सेकंदांत माणूस बेशुद्ध पडतो आणि याची 'सुरक्षित' पद्धत कुणालाही ठाऊक नाही. डोकं, मणका, मूत्रपिंडाची जागा वर्ज्य. दोरीखाली दोन बोटं गेली पाहिजेत. हाताला मुंग्या आल्या, गार पडला, की लगेच सोडायचं. बांधलेल्या माणसाला एकटं टाकून बाहेर पान खायला जायचं नाही. आणि हाताशी एक कात्री हवीच, गाठ सुटेना तर कापायला. सातवाहनाच्या कर्तरीनं राणी गेली. ही कर्तरी जीव वाचवते.

राहिला थांबायचा शब्द. 'नको नको' हे कधी लाडातही येतं, म्हणून निराळा शब्द आधी ठरवायचा. तोंड मोकळं नसेल तर मुठीत किल्ल्यांचा जुडगा धरायचा. पडला की खेळ बंद. यात इंग्रजी काय आहे? लंगडी खेळताना कुणी अंगठा दाखवून 'टॅम्प्लीज' ओरडलं की राज्य घेणारा जागच्या जागी थांबायचा. 'का?' असं कुणी विचारायचं नाही. एवढी संस्कृती आमच्या गल्लीत होती. लग्नाच्या मांडवात ती नेमकी कुठं सांडते कोण जाणे!

कायदाही याला अजबच वागवतो. आमच्यातले वकील सांगतात, की सज्ञानानं संमतीनं सोसलेली किरकोळ इजा गुन्हा होत नाही. २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेचं कलम २५ आहे, आणि दाखला तलवारबाजीच्या खेळाचा आहे. गंभीर इजेला मात्र संमतीची ढाल नाही. ठीकच आहे. पण त्याच संहितेत, सज्ञान पत्नीवर नवऱ्यानं जबरदस्ती केली तर तिला बलात्कार म्हणायचं नाही, हा अपवाद अजून शाबूत आहे. म्हणजे पट्टा खेळताना संमती विचारात घ्यायची, आणि घरात?

यावर मास्तर म्हणाले, "असल्या गोष्टी बोलायच्या नसतात." हेच र. धों. कर्व्यांना ऐकवलं होतं. 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या शंकांना उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर १९३४ साली खटला चालला. बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरी खटला हरले. शंका मात्र हरल्या नाहीत; फक्त चोरून विचारल्या जाऊ लागल्या, आणि चोरून मिळालेल्या उत्तरात कात्रीचा उल्लेख नसतो.

मग मी त्यांना तेरचेच गोरोबाकाका काढून दाखवले. मूल गेल्यावर बायकोनं विठोबाची शपथ घातली, मला शिवू नका. कुंभारानं ती पाळली. कथेत पुढं सासऱ्यानं धाकटी मुलगीही दिली, आणि दोघींना सारखं वागव म्हणाला, तर काकांनी तिलाही हात लावला नाही. "मास्तर, तुमच्याआमच्यापैकी कुणी पाळली असती का हो?" मास्तर गप्प झाले. मीही झालो, माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

घरापर्यंत आलो. फाटकात त्यांच्या सौभाग्यवती उभ्या. मास्तरांनी चप्पल काढता काढता चहात साखर किती, दूध कुणाकडचं, यावर तास सुरू केला. बाईंनी मागं न बघता अंगठा वर केला आणि म्हणाल्या, "टॅम्प्लीज."

बहुधा आमचं सगळं बोलणं कोपऱ्यापासून ऐकू येत होतं. मास्तर एक चप्पल हातात धरून थांबले.