सुंदरीचे अंक आणि शाळेचे खाते

प्रथम तीर्थंकर ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या शिकविली, असे आदिपुराण सांगते. अंकांचे धडे कन्येला मिळाले, हे दरवर्षी वहीपूजन करणाऱ्या आपल्या समाजाने विशेष ध्यानी घ्यावे. पुढे दानवीर सेठ माणिकचंद झवेरी यांच्या कन्या मगनबाई यांनी तरुणपणीच आलेल्या वैधव्यानंतर मुंबईत श्राविकाश्रम चालविला. तेथे भगिनींना आसरा तर मिळालाच, शिक्षणही मिळाले.

आज आपल्या शाळांत बहुतेक वर्गांवर शिक्षिकाच दिसतात. महिला दिनी शाल-श्रीफळ देऊन त्यांचा गौरव होतो. तो उचितच आहे. परंतु बँकेत अशा संस्थांची खाती पाहताना अध्यक्ष, कार्यवाह, कोषाध्यक्ष या तिन्ही स्वाक्षऱ्या बहुधा पुरुषांच्याच आढळत. शाळेचा सारा भार वाहणाऱ्या मुख्याध्यापिकेला साध्या दुरुस्तीच्या धनादेशासाठीही विश्वस्तांच्या सवडीची वाट पाहावी लागे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शासकीय व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा महिलांना दिल्या. विश्वस्त मंडळावर मात्र तसे बंधन नाही. भगिनींना सवड नसते, हे नेहमीचे उत्तर. कित्येक पेढ्यांची जमा-खर्चाची नोंद आज घरच्या सुनाच संगणकावर ठेवतात, तेव्हा सवडीचा प्रश्न कोणी काढत नाही!

येत्या वार्षिक सभेत कोषाध्यक्षपदासाठी एखाद्या वाणिज्य पदवीधर भगिनीचे नाव सुचवावे. त्या नव्याने विश्वस्त होत असल्यास धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत बदल अहवाल द्यावा लागतो. बँकेत ठरावाची प्रत, ओळखीचा पुरावा, छायाचित्र आणि नमुना स्वाक्षरी लागते.