ठिकरी खापराचीच बरी



परवा मधल्या सुट्टीत माझ्या तिसरीच्या मुली ठिकरी खेळत होत्या. ठिकरी छान गोल, करड्या रंगाची. "कुठून आणली गं?" विचारलं, तर म्हणाली, "मॅडम, वानरांनी आमचा पत्रा फोडला ना, त्याचा तुकडा. फरशीवर घासून गोल केला." शाबासकी तोंडावर आली होती, ती तशीच गिळली.

आपल्या सोयगावला डोंगर जवळ, त्यामुळे वानरांच्या उड्या नेहमीच्याच. आपण ज्याला "सिमेंटचा पत्रा" म्हणतो, त्यात साधारण ८ ते १० टक्के ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा शाबूत असतो तोवर ते सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. तो फोडला, घासला, कापला की बारीक धूळ उडते आणि श्वासावाटे फुप्फुसात जाते. सगळ्याच प्रकारच्या ॲस्बेस्टॉसमुळे कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

"आमचं आयुष्य गेलं या पत्र्याखाली, काय झालं?" असं बरेच जण म्हणतात. पण हे आजार बहुधा २० ते ४० वर्षांनी वर येतात. म्हणूनच १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षं ठेवायला सांगितल्या. आपल्या लेकरांनी किती धूळ खाल्ली, याची नोंद कोण ठेवणार?

माझं मत असं, की पत्रा डोक्यावर आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. खरा धोका आपल्या हातोड्यात आहे. घरकुल मंजूर झालं की आपण पहिला घाव जुन्या छतावर घालतो, तुकडे अंगणात भराव म्हणून टाकतो आणि पोरं त्यातच खेळतात. त्यापेक्षा एवढं करूया :

- चांगल्या पत्र्याला हात लावू नका. भोकं पाडू नका, घासू नका. भुरभुरायला लागला असेल तर मात्र बदला.
- काढताना मुलांना लांब ठेवा. पत्रा पाण्याने भिजवा, हुक सोडवून अख्खा खाली घ्या. त्यावर पाय देऊ नका, फुटून माणूस खाली येतो.
- तोंडाला रुमाल पुरत नाही, निदान पी-१०० दर्जाचा मास्क लावा. कामाचे कपडे वेगळे धुवा.
- कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.
- तुकडे जाड प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत बांधा आणि नगरपंचायतीला किंवा ग्रामपंचायतीला विचारूनच टाका. नदीकाठी, रस्त्याच्या खड्ड्यात नको.

नवीन पत्रा घेताना "ॲस्बेस्टॉस नसलेला द्या" असं दुकानदाराला स्पष्ट सांगा. ६० हून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे, आपण निदान आपल्या घरापुरती घालू शकतो.

त्या मुलीला मी फुटक्या माठाची खापरी दिली. तीही छान घसरते. उद्या तुमच्या वर्गात, तुमच्या अंगणात एकदा बघा, पोरांच्या हातात ठिकरी कशाची आहे?