उठतांना घाई नको

गेल्या आषाढी एकादशीस आम्हीं निर्जळ उपवास केला होता. द्वादशीच्या पहाटे लघवीसाठीं घाईनें उठलों, तों डोळ्यांपुढें अंधारी आली; शुद्धीवर आलों तेव्हां उंबरठ्याशीं पडलों होतों व कपाळांतून रक्त वाहत होतें. ‘रक्तदाब उतरला’ असें शेजाऱ्यांनीं निदान केलें व मिठाचें पाणी रोज दोन वेळां घेण्यास सांगितलें. आम्हीं तें आठ दिवस घेतलें. रक्तदाब वाढूं नये म्हणून आम्ही मुळांत गोळी घेतों, याचा विचारहि मनांत आला नाहीं.

पुढें डॉक्टरांनीं आधीं निजवून व मग उभें करून दाब मोजला. निजलेला असतांना वरचा आंकडा १५०, उभें राहतांच दोन मिनिटांत ११८! मनुष्य उभा राहिला कीं अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटाकडे व पायांकडे ओसरतें. निरोगी शरीरांत रक्तवाहिन्या तत्काळ आकुंचित होऊन तोल सांवरतात. वार्धक्य, मधुमेह, शरीरांतील पाण्याची तूट वा कांहीं औषधें यांमुळें हें काम मंदावतें. तीन मिनिटांच्या आंत वरचा आंकडा २० नें वा खालचा १० नें उतरल्यास तो दोष समजावा. उलटपक्षीं, ९०/६० च्या आसपास दाब असूनहि कांहींच त्रास नसल्यास बहुधा उपचार लागत नाहीं.

“आणखी कोणतीं औषधें घेतां?” या प्रश्नावर आम्ही गप्प बसलों. प्रोस्टेटच्या विकारासाठीं दुसऱ्या डॉक्टरांनीं दिलेली गोळी तीन महिने चालू होती. संकोचानें ती गोष्ट आम्हीं कुटुंबासहि सांगितली नव्हती. ती गोळी रक्तवाहिन्या सैल करणारी. तिला दुसऱ्या गोळीची व उपवासाची जोड मिळाली. पस्तीस वर्षें मुलांस सत्य बोलण्याचा पाठ देणारे आम्ही डॉक्टरांपुढें अर्धेंच बोललों होतों!

औषधें डॉक्टरांनीं बदलून दिलीं. आपल्या मनानें तीं बंद करूं नयेत. उठतांना आधीं बसावें, पाय खालीं सोडून घोटे हालवावेत, मिनिटभरानें आधार धरून उभें राहावें. चक्कर येतांच तेथेंच बसावें किंवा आडवें व्हावें. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळें बंधन नसेल तर पाणी पुरेसें प्यावें. एकदम जड जेवण व कढत पाण्याचें स्नान टाळावें. मीठ मात्र डॉक्टरांस विचारल्यावांचून वाढवूं नये. शुद्ध हरपणें, छातींत दुखणें, धाप लागणें वा काळा शौच होणें, यांपैकीं कांहींहि घडल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें.

आमच्या वयाच्या गृहस्थांस एवढीच विनंति कीं, आपल्या सर्व औषधांची यादी करून घरांत ठेवावी व प्रत्येक डॉक्टरांस दाखवावी. लाजेखातर एकहि गोळी तींतून वगळूं नये.