आठ मे की पाच ऑगस्ट?

मंडळी, आजचा विषय जरा कोरडा वाटेल. ऑफिसमधल्या कॉम्प्युटरचं डिफॉल्ट प्रोफाइल! पण आधी गोष्ट ऐका.

२०२३ साल. माझी मावशी साताऱ्यात एका पतसंस्थेच्या शाखेत कामाला होती. (संस्थेचं नाव सांगत नाही.) मुख्य कार्यालय सांगलीला. शाखेत नवे कॉम्प्युटर आले, नेटवर्कला जोडले गेले, प्रत्येकाला नवं लॉगिन मिळालं. मावशीने मुदत संपणाऱ्या ठेवींची यादी एक्सेलमध्ये टाइप करून सांगलीला पाठवली.

मे महिन्यात एक आजोबा पावती घेऊन आले. पावतीवर मुदत ८ मे. सांगलीहून उत्तर आलं, "यादीत ५ ऑगस्ट आहे, आत्ता पैसे मिळणार नाहीत." आजोबांना दोन हेलपाटे पडले आणि मावशीला मेमो मिळाला. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेली! "मी बरोबरच टाइप केलंय रे, बघ ना," म्हणत तिने मला फाइल दाखवली.

तिच्या स्क्रीनवर खरंच ८/५/२०२३ होतं. तीच फाइल सांगलीत उघडली की ०५-०८-२०२३. कारण साताऱ्याच्या नव्या मशीनवर रीजन होता अमेरिका, तिथे महिना आधी. मावशीने लिहिलेला आठ मे मशीनने पाच ऑगस्ट म्हणून साठवला आणि तिला मात्र तिने लिहिलं तसाच दाखवला. चूक तिला दिसणार कशी? शिवाय असा घोटाळा १२ तारखेपर्यंतच होतो. २५/०५/२०२३ लिहिलं तर पंचविसावा महिनाच नसल्यामुळे एक्सेल ती तारीख न मानता नुसता मजकूर समजतो.

हे कुठून आलं? विंडोजमध्ये यूजर्सच्या आत डिफॉल्ट नावाचं एक लपवलेलं फोल्डर असतं. कोणी पहिल्यांदा लॉगिन केलं की त्याची प्रत काढून त्या माणसाचं प्रोफाइल तयार होतं. तारखेची पद्धत, कीबोर्ड, लाख-कोटीचे स्वल्पविराम, सगळं त्यातून येतं. मशीन बसवणाऱ्याने 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत अमेरिका ठेवली, की पुढे येणारा प्रत्येक जण अमेरिकेत!

तुम्ही म्हणाल, ज्याने त्याने आपलं सेटिंग बदलावं. माझं मत नेमकं उलटं आहे. सेटिंग बदलायचं असतं हे ज्याला माहीतच नाही, त्याच्यासाठीच तर डिफॉल्ट असतं. आपण आयटीवाले त्याला किरकोळ काम समजतो, आणि मेमो क्लार्कला मिळतो.

उपाय दहा मिनिटांचा आहे. आपल्या लॉगिनमध्ये रीजन भारत करा, मराठी कीबोर्ड जोडा. मग रीजनच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबमध्ये 'कॉपी सेटिंग्ज' दाबून नव्या यूजर खात्यांसमोर टिकमार्क करा. डोमेन असेल तर ग्रुप पॉलिसीतून रीजन सगळीकडे पोचवता येतो. एक लक्षात ठेवा: आधीच तयार झालेली प्रोफाइल्स 'कॉपी सेटिंग्ज'ने सुधारत नाहीत, ती वेगळी बघावी लागतात. आणि कृपा करून स्वतःचं अख्खं प्रोफाइल उचलून डिफॉल्टमध्ये टाकू नका. तुमचा वॉलपेपर आणि तुमच्या खाजगी फायली सगळ्या ऑफिसला कशाला?

असो. आजोबांना पैसे मिळाले. मावशीचा मेमो मागे घेतला, पण फक्त तोंडी. कागद फाइलमध्ये तसाच राहिला.

सोमवारी ऑफिसला गेलात की एक्सेलच्या एका कोऱ्या सेलमध्ये २५/०५/२०२३ टाइप करून बघा. उजवीकडे सरकलं तर ठीक. डावीकडेच चिकटून राहिलं, तर तुमच्या ऑफिसातही एखाद्या मावशीचा मेमो तयार होतोय.