वेदना नसलेला रक्तस्राव

शौचावाटे रक्त गेले की बहुतेक घरांत एकच शब्द उच्चारला जातो : मूळव्याध. शाहूपुरीतील दुकानात बसणारा विशीतला तरुण असो वा शाळकरी मुलगा, ‘उष्णता वाढली असेल’ असे म्हणून ताक, गुलकंद आणि इसबगोल सुरू होतात. चेहरा फिकट दिसू लागला, तर दोष पर्युषणातील उपवासांवर जातो. पोट दुखत नसल्याने कोणालाच घाई वाटत नाही. परंतु कोवळ्या वयातील अशा वेदनारहित रक्तस्रावामागे आतड्यातील जन्मजात दोष असू शकतो.

अशा दोषांपैकी सर्वांत परिचित म्हणजे ‘मेकेलची पिशवी’. गर्भावस्थेच्या प्रारंभी बाळाच्या आतड्याला पीतककोशाशी जोडणारी एक नलिका असते. ती काही आठवड्यांतच विरून जाते. तिचा अंश उरला, तर लहान आतड्याच्या शेवटच्या भागात सुमारे दोन इंचांची पिशवी राहते. जर्मन शरीररचनातज्ज्ञ योहान मेकेल यांनी १८०९ मध्ये तिचे वर्णन केले.

शंभरातील सुमारे दोघांना ही पिशवी असते. त्यांतील बहुतेकांना आयुष्यभर तिचा पत्ताही लागत नाही. काहींच्या पिशवीत मात्र जठराचे अस्तर असते. त्यातून आम्ल पाझरते, ते आतड्याला सोसत नाही, व्रण पडतो आणि रक्त वाहू लागते. हा त्रास बहुधा बालपणीच दिसतो. तथापि तो तरुणपणी प्रथमच प्रकट होऊ शकतो.

निदानात खरी अडचण जागेची आहे. एक दुर्बीण तोंडावाटे जठरापर्यंत जाते, दुसरी खालून मोठे आतडे पाहते. पिशवी या दोहोंच्या मधोमध. म्हणून दोन्ही अहवाल निर्दोष आले तरी शोध संपत नाही. शिरेतून टेक्निशियम देऊन केलेल्या ‘मेकेल स्कॅन’मध्ये जठराचे अस्तर उमटते, मात्र तेथेही काही वेळा ते निसटते. रक्तस्राव करणारी पिशवी शस्त्रक्रियेने काढली की त्या कारणाचा निकाल लागतो.

रोजमेळात दररोज थोडी तूट येऊ लागली, तर कोणताही व्यापारी ती किरकोळ मानत नाही. हिमोग्लोबिन वारंवार घटत असेल, तर तेथेही हाच न्याय लावावा.

विवाहयोग्य वयाच्या मुलामुलींच्या बाबतीत मौनाचा मोह अधिक असतो. ‘जन्मजात’ हा शब्द स्थळाच्या आड येईल, ही त्यामागची भीती. वस्तुतः जन्मजात म्हणजे आनुवंशिक नव्हे. ही पिशवी साधारणतः पिढ्यान्‌पिढ्या उतरत नाही आणि उपचारानंतरचे आयुष्य नेहमीसारखेच असते. झाकून ठेवण्याजोगे त्यात काहीच नाही.

रक्त पुष्कळ जात असेल, चक्कर येत असेल वा अंग गार पडत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ला दूरध्वनी करून सीपीआर किंवा जवळचे मोठे रुग्णालय त्याच रात्री गाठावे.